एक 'बी' आला तर काय बिघडतं? अमेरिकेतली कॉलेजं मार्क कसे वाचतात

अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी दहावी-अकरावीच्या सुमारास एक प्रश्न हमखास येतो. केमिस्ट्रीत बी पडला, आता मोठ्या कॉलेजांची आशा सोडायची का? मंडळाच्या गणपतीत किंवा रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहताना पालक हे दबक्या आवाजात विचारतात, आणि त्यांना दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, "हार्वर्डसारख्या आयव्ही कॉलेजांना एकही बी चालत नाही." दुसरा सांगतो, "इकडे मार्कांचं काही नसतं हो, निबंध चांगला लिहायला सांगा." दोन्ही उत्तरांनी नुकसानच होतं. पहिलं ऐकून सोळा वर्षांच्या पोराची झोप उडते, आणि दुसरं ऐकून घर गाफील राहतं.

खरं उत्तर जरा लांबचं आहे, कारण मुळात अमेरिकेत प्रवेशाची एकच एक पद्धत नाही. आपल्याला सवय असते ती मेरिट लिस्टची. अमुक टक्क्यांवर कट-ऑफ लागला की वाद मिटला, आत कोण आणि बाहेर कोण ते ठरलं. इथल्या निवडक कॉलेजांत असा कट-ऑफ लागत नाही. मार्क सगळ्यात महत्त्वाचे धरतात, पण ते मोजण्याआधी वाचतात. तुमच्या मुलाचा बी किती महाग पडेल हे त्या वाचण्यावर अवलंबून आहे.

आधी जीपीएचा हिशोब पाहू. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २, आणि सगळ्याची सरासरी. वर्षाला सहा मुख्य विषय धरले तर नववी ते अकरावी मिळून अठरा ग्रेड होतात. त्यात सतरा ए आणि एक बी असेल तर जीपीए येतो ३.९४. तीन बी असतील तर ३.८३. म्हणजे ज्या एका बीवरून घरात आठवडाभर अबोला चालतो, त्याने सरासरीत सहा शतांशांचा फरक पडलेला असतो.

दुसरा आकडा असतो वेटेड जीपीएचा. एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय) किंवा ऑनर्ससारख्या अवघड वर्गांना शाळा जादा गुण देतात, म्हणून एपीतला ए बऱ्याच ठिकाणी ५ धरला जातो. हा जादा गुण प्रत्येक शाळा आपापल्या पद्धतीने देते. काही शाळा ऑनर्सला अर्धा गुण देतात, काही एक, तर काही देतच नाहीत. त्यामुळे व्हॉट्सॅपवर कोणी मुलाचा ४.६ सांगितला आणि आपल्या मुलीचा ४.२ असेल, तर त्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. हे कॉलेजांनाही ठाऊक असतं. म्हणून अनेक कॉलेजं शाळेचा आकडा बाजूला ठेवून मुख्य विषयांचा जीपीए स्वतः काढतात, आणि काही तर आकड्यापेक्षा ट्रान्सक्रिप्टच, म्हणजे चार वर्षांच्या विषय-ग्रेडची यादीच, ओळीने वाचतात.

त्या यादीबरोबर शाळेचा काउन्सेलर आणखी एक कागद पाठवतो, आणि पालकांना त्याची सहसा कल्पनाही नसते. त्याला स्कूल प्रोफाइल म्हणतात. दोनेक पानांच्या त्या कागदात शाळेत किती एपी विषय शिकवतात, एका वर्षी किती घेता येतात, ग्रेडची पट्टी काय, बारावीतल्या मुलांचे जीपीए साधारण कुठे आहेत, किती मुलं चार वर्षांच्या कॉलेजात जातात, अशी माहिती असते. बऱ्याच शाळा तो आपल्या वेबसाइटवर ठेवतात. तुमच्या शाळेचा जरूर काढून वाचा. मुलाच्या ग्रेड कॉलेजात कोणत्या पार्श्वभूमीवर पाहिल्या जाणार आहेत, ते त्यात छापलेलं असतं.

क्रिकेट पाहणाऱ्याला हे पटकन कळेल. पाटा खेळपट्टीवरच्या ऐंशी धावा आणि चेंडू हातभर वळत असतानाच्या चाळीस, यांतली मोठी खेळी कोणती ते खेळपट्टी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. स्कूल प्रोफाइल म्हणजे ती खेळपट्टी. कॉलेजांत प्रवेश अधिकाऱ्यांना भागही वाटून दिलेले असतात. मध्य न्यू जर्सीचे अर्ज वाचणारा माणूस वर्षानुवर्षं त्याच शाळांचे अर्ज वाचत असतो. कोणत्या शाळेत एपी फिजिक्सला ए मिळवताना घाम फुटतो आणि कोणत्या शाळेत ए सढळ हाताने वाटतात, याचा त्याला चांगला अंदाज असतो.

आता एक ट्रान्सक्रिप्ट जवळून पाहू. समजा, एक मुलगी आहे. नववीत ऑनर्स बायोलॉजी, ए मायनस. दहावीत ऑनर्स केमिस्ट्री, पहिल्या सत्रात बी मायनस, दुसऱ्यात बी प्लस. अकरावीत एपी बायोलॉजी, ए. बारावीसाठी तिने एपी केमिस्ट्री निवडलंय. वाचणाऱ्याला यात दिसतं ते असं: एका विषयात अडखळली, त्याच वर्षी सावरली, आणि नंतर त्याच विषयाच्या अवघड वर्गात स्वतःहून परत गेली.

त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलीलाही दहावीत तसाच बी मायनस मिळाला. घरच्यांनी धसका घेतला. अकरावीत तिने एपी सोडून साधा वर्ग घेतला, बारावीत विज्ञानाचा एखादा हलका ऐच्छिक विषय, आणि पुढे सगळीकडे ए. या दुसऱ्या मुलीचा अनवेटेड, म्हणजे जादा गुण न धरलेला, जीपीए पहिलीपेक्षा वर असू शकतो. पण दोघींनी बायोकेमिस्ट्रीसाठी अर्ज केला तर निवडक कॉलेजात पहिलीचा कागद जड पडेल. जीपीए जपायला म्हणून अवघड विषय सोडून देणं हा मला आपल्या घरांतला सगळ्यात महागडा निर्णय वाटतो. मूळ बीने जेवढं बिघडलं नसतं त्याहून जास्त त्या भीतीने बिघडतं.

अर्थात याचा अर्थ मिळतील तेवढे एपी कोंबावेत असा नाही. सात एपींत चार बी आणि कायमची अपुरी झोप, यापेक्षा चार एपींत चांगल्या ग्रेड केव्हाही बऱ्या. "अवघड वर्गातला बी बरा की सोप्यातला ए?" असं विचारलं की प्रवेश अधिकारी हसून "अवघड वर्गातला ए" म्हणतात. ते उत्तर पालकांच्या उपयोगाचं नाही. अवघड वर्गात एखाददुसरा बी सोसतो. तिथे सगळेच बी यायला लागले, तर मूल चुकीच्या वर्गात बसलंय असं समजावं.

सगळे बी सारखे नसतात हेही लक्षात ठेवायला हवं. नववीतल्या बीकडे बहुतेक कॉलेजं मायेने पाहतात. नवीन शाळा, चौदा वर्षांचं मूल, लागतो वेळ. अकरावीचं वर्ष सगळ्यात बारकाईने पाहिलं जातं, कारण अर्ज करताना हातात असलेलं तेच शेवटचं पूर्ण वर्ष असतं. ग्रेड चढत गेल्या की उतरत गेल्या हेही पाहतात: नववीत दोन बी आणि अकरावीत सगळे ए, हा प्रवास उलट प्रवासापेक्षा कितीतरी चांगला. आणि विषय कोणता, यालाही वजन आहे. इतिहासाकडे जाणाऱ्या मुलाला प्रीकॅल्क्युलसमध्ये बी असला तर फारसं अडत नाही, पण कॉम्प्युटर सायन्सला जाणाऱ्याच्या कागदावर तोच बी ठळक दिसतो. अनेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचा प्रवेश विद्यापीठाच्या एकूण प्रवेशापेक्षा खूपच कठीण असतो. वर्तमानपत्रात छापलेला टक्का एकूण विद्यापीठाचा असतो, आणि आपली बहुतेक मुलं नेमकी त्या अरुंद दारात उभी असतात.

अगदी वरच्या थरातल्या कॉलेजांचं चित्र कसं असतं, ते हार्वर्डवरच्या खटल्यात उघड झालं. हा खटला २०१४ साली दाखल झाला, २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात चालला, आणि २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत रद्द केली. त्या सुनावणीत कळलं की एका वर्षी सुमारे १,६०० जागांसाठी आलेल्या अर्जदारांत आठ हजारांहून अधिक मुलांचा जीपीए परिपूर्ण होता. सगळ्या जागा फक्त परिपूर्ण जीपीएवाल्यांना दिल्या असत्या तरी पाचांतल्या चौघांना परत पाठवावं लागलं असतं. अभ्यास, इतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना तिथे स्वतंत्र श्रेणी देतात, हेही त्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. आशियाई मुलांना व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत कमी लेखलं जातं, हा फिर्यादींचा मुख्य आरोप होता.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. सगळे ए असले तरी अशा कॉलेजात जागा मिळण्याची खात्री नाही, म्हणून नकार आला की तो "त्या एका बीमुळे" आला असं समजून मुलाने वर्षानुवर्षं स्वतःला बोल लावणं निराधार आहे. आणि तिथे एखाददुसरा बी असलेली मुलंही घेतात, पण त्यांच्या अर्जात दुसरं काहीतरी फार भक्कम असतं.

आता एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. परिस्थिती पाहून ग्रेड वाचतात म्हटल्यावर आपल्याला दिलासा वाटतो, पण ही पद्धत दोन्ही बाजूंनी चालते. जिथे दोनच एपी आहेत त्या शाळेतलं, संध्याकाळी दुकानात काम करून घरी हातभार लावणारं मूल दोन-तीन बी घेऊन आलं तर वाचणारा थांबून विचार करतो. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं एडिसन किंवा क्युपर्टिनोसारख्या ठिकाणच्या भरल्या शाळांत शिकतात. पंचवीस एपी उपलब्ध, आई-वडील इंजिनिअर, शिकवण्या लावलेल्या. अशा खेळपट्टीवर चार-पाच बी असतील तर पाच टक्क्यांच्या आत प्रवेश देणाऱ्या कॉलेजात शक्यता खरोखरच कमी होते. हे मुलाला बारावीच्या डिसेंबरात कळण्यापेक्षा अकरावीच्या उन्हाळ्यात, शांतपणे, यादी करताना सांगितलेलं बरं. त्या यादीत मूल जिथे आनंदाने जाईल अशी आणखी सात-आठ नावं तेव्हा घालता येतात.

त्यात ए स्वस्तही झालाय. सरकारच्या राष्ट्रीय ट्रान्सक्रिप्ट पाहणीनुसार हायस्कूल संपवणाऱ्यांचा सरासरी जीपीए १९९० साली २.६८ होता, तो २०१९ मध्ये ३.११ झाला. सगळ्यांनाच ए मिळू लागला की ग्रेडवरून फरक कळेनासा होतो. कोविडच्या काळात एसएटी ही प्रवेशासाठीची परीक्षा ऐच्छिक करणारी अनेक कॉलेजं माघारी फिरली, त्यामागे हेही एक कारण आहे. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने. ज्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर काही बी आहेत त्याच्यासाठी ही बातमी वाईटच असते असं नाही. गणितात बी, पण एसएटी गणितात ८०० पैकी ७८० असेल, तर त्याला विषय येतो हे सांगणारा एक स्वतंत्र साक्षीदार मिळतो. मात्र चांगल्या स्कोअरने तीन वर्षांचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. उलट "हुशार आहे, पण मेहनत करत नाही" असा अर्थ निघू शकतो.

काही सरकारी विद्यापीठांत वाचण्यापेक्षा नियम जास्त चालतो, आणि तिथे बारकावे माहीत असणं फायद्याचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया नववीच्या ग्रेड जीपीएत धरतच नाही. नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ठरावीक विषय धरते. प्लस-मायनसही मोजत नाही, त्यामुळे ए मायनस हा ए आणि बी प्लस हा बी. एपी-ऑनर्सचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांनाच. एसएटी तर पाहायलाच तयार नाही. नववीत अडखळलेल्या आणि नंतर सावरलेल्या मुलासाठी हा हिशोब सोयीचा आहे. पण भरवसा किती ठेवायचा, तर तिच्या एकट्या लॉस एंजेलिस कॅम्पसकडे, म्हणजे यूसीएलएकडे, वर्षाला दीड लाखाच्या आसपास अर्ज येतात आणि दहांतल्या एकालाही जागा मिळत नाही.

टेक्सासचं गणित वेगळं. १९९७ च्या कायद्याने आपापल्या शाळेत वरच्या दहा टक्क्यांत असलेल्या मुलांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा सहा टक्के होती, ती २०२६ च्या प्रवेशांपासून पाच टक्क्यांवर आली. इथे एक बी खरोखर भारी पडू शकतो, कारण चढाओढीच्या शाळेत पाचवा टक्का आणि आठवा टक्का यांत एखाद-दोन ग्रेडचंच अंतर असतं. शिवाय थेट प्रवेश विद्यापीठात मिळतो, हव्या त्या शाखेत मिळेलच असं नाही.

बीमागे खरंच कारण असेल तर ते सांगायचं की नाही? सांगायचं, पण थोडक्यात आणि योग्य जागी. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, जादा माहितीसाठी वेगळी जागा असते. मुख्य निबंध त्यासाठी खर्ची घालू नये. चांगला खुलासा असा असतो: "अकरावीच्या पहिल्या सत्रात आईची शस्त्रक्रिया झाली. दोन महिने धाकट्या भावाला शाळेत सोडणं-आणणं आणि रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्या सत्रात केमिस्ट्रीत बी मायनस मिळाला, पुढच्या सत्रात ए मायनस. या वर्षी मी एपी केमिस्ट्री घेतलं आहे." बस, एवढंच. काय घडलं, किती काळ, नंतर काय झालं. शिक्षक कडक होते, पेपर अन्यायाने तपासला, असलं काही लिहिलं की वाचणाऱ्याचं मन तिथेच उडतं. हेच काउन्सेलरने आपल्या पत्रात लिहिलं तर आणखी चांगलं, म्हणून घरातली अडचण काउन्सेलरला वेळेवर सांगा. आजारपण, नोकरी जाणं, घर मोडणं हे आपण चार भिंतींत ठेवतो, आणि मग कागदावर फक्त कोसळलेली ग्रेड दिसते. कारण नसेल तर मात्र ओढूनताणून शोधू नका. साध्या बीला खुलासा लागत नाही.

कोणत्या कॉलेजात आपल्या मुलाचा जीपीए कुठे बसतो हे पाहायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता प्रसिद्ध करतात. कॉलेजच्या नावापुढे हे शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यातल्या 'सी' विभागात कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतात, आणि प्रवेश घेतलेल्या मुलांचे जीपीए कसे विभागलेत, हे दोन्ही असतं. वाचताना एवढी सावधगिरी बाळगा: खालच्या जीपीएच्या रकान्यात चार-पाच टक्के मुलं दिसली म्हणून आपलं मूल त्यांत बसेल असं धरू नका. त्या जागांवर कॉलेजने संघासाठी निवडलेले खेळाडूही असतात.

पुण्या-मुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे दहावीचा बोर्ड झाला की अकरावी हे श्वास घ्यायचं वर्ष मानतात. जेईईच्या क्लाससाठी ज्युनिअर कॉलेजात नावापुरता प्रवेश घेतला तर अकरावीच्या मार्कांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. अमेरिकन कॉलेज मात्र नववीपासूनच्या गुणपत्रिका मागतं, आणि त्यात अकरावीकडे जास्त लक्ष देतं. बारावीचा निकाल लागतो तोवर तिथले बहुतेक निर्णय मार्चअखेर लागून गेलेले असतात. दुसरी अडचण शिफारसपत्राची. कॉलेजात बसलंच नाही तर मुलाला ओळखणारा शिक्षक आणायचा कुठून? टक्क्यांचं चारच्या पट्टीवर स्वतः रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. मार्क आहेत तसेच लिहा. स्टेट बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई यांच्या मार्कांतला फरक भारतातून येणारे अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यांना माहीत असतो.

बारावीत आलेल्या मुलांनी एवढं पाहावं. नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत अर्ज केला तर कॉलेजला प्रामुख्याने अकरावीपर्यंतच्या ग्रेड दिसतात. जानेवारीच्या नेहमीच्या फेरीत बारावीच्या पहिल्या सत्राचा निकालही जातो. ज्याच्या ग्रेड आत्ता कुठे चढायला लागल्यात त्याला दुसरी फेरी सोयीची पडू शकते. आणि प्रवेश मिळाल्यावरही जूनमध्ये शेवटची गुणपत्रिका कॉलेजकडे जातेच. तिथे डी किंवा एफ निघाला तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा हक्क कॉलेजकडे असतो, आणि तो वापरलाही जातो.

ज्यांचं हायस्कूल खरोखरच विस्कटलं, सी आणि डी आले, त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियात एक रस्ता आहे आणि आपल्या लोकांत त्याबद्दल उगाच कमीपणा मानतात. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सरकारी कॉलेजं, आहेत. तिथे दोन वर्षं नीट अभ्यास करून तिसऱ्या वर्षाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाता येतं. डेव्हिस, अर्वाइन, सँटा बार्बरा यांच्यासह सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि जीपीए पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि यूसीएलए अशी हमी देत नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजांतून दरवर्षी हजारो मुलं जातात. या वाटेने जाताना पाहिल्या जातात त्या कम्युनिटी कॉलेजातल्या ग्रेड, आणि शेवटी मिळणारी पदवी इतरांना मिळते तीच असते.